दुसरी डिस्क

संगणकातली एखादी गोष्ट नकोशी झाली की लोकांकडे बहुधा दोनच उत्तरं असतात. राहू द्या, नाहीतर उडवून टाका. या दोहोंच्या मधे एक तिसरी सोय आहे, तिच्याकडे फारसं कोणी बघत नाही. ती म्हणजे 'डिसेबल'. संगणकाच्या मराठीत त्याला 'अक्षम करा' म्हणतात. हा शब्द मला कधीच आवडला नाही. अक्षम म्हणजे ज्याच्यानं होत नाही तो. डिसेबल केलेली वस्तू तशी नसते. ती जागेवर असते, चांगली धडधाकटही असू शकते. तिला कामावर बोलवायचं नाही, एवढंच आपण ठरवलेलं असतं. आमच्याकडे याला सरळ 'बंद ठेवणं' म्हणतात. पाऊस लागला की कूलर बंद ठेवतात, पाहुणे गेले की मागची खोली बंद ठेवतात. कोणी कूलरला अक्षम म्हणत नाही.

तर गेल्या दिवाळीनंतर मी आमच्या घरच्या संगणकातली दुसरी हार्ड डिस्क बंद ठेवली. काम पाच मिनिटांचं. मला त्याला सव्वा महिना लागला. का लागला, ते सांगण्यासारखं आहे.

आधी ही डिस्क कुठली ते सांगतो. बाबा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले आणि २००९ मध्ये त्यांनी चंद्रपूरहून संगणक जोडून आणला. बल्लारपूर, कोठारी करत एस.टी.तून आणला. सीपीयूचा डबा अख्ख्या रस्त्याने मांडीवर, कारण खाली ठेवला तर खड्ड्यांत डिस्कचं बरंवाईट होईल असं दुकानदारानं सांगितलं होतं. त्यात ३२० जीबीची एक डिस्क होती. तेव्हा तीच एकटी, तीच पहिली. बाबा २०१७ मध्ये गेले. पुढच्या वर्षी मुलीच्या अभ्यासासाठी मी त्याच डब्यात २४० जीबीची एसएसडी बसवली, तिच्यावर विंडोज १० टाकलं, आणि जुनी डिस्क 'डी ड्राइव्ह' होऊन मागे सरकली. संगणकात पहिलं-दुसरं हे वयावरून ठरत नाही. कामाचं ओझं कोणावर, यावरून ठरतं.

जुन्या डिस्कच्या पोटात काय चालतं हे एकदा समजून घेतलं की तिच्याबद्दल आदर वाटायला लागतो. आत चकचकीत तबकड्या, मिनिटाला ७२०० फेरे, म्हणजे सेकंदाला १२०. त्यांच्यावरून वाचणारं-लिहिणारं टोक फिरतं, पण टेकत नाही. तबकडीबरोबर फिरणाऱ्या हवेच्या पातळ थरावर ते तरंगतं. अंतर किती, तर काही नॅनोमीटर. त्या फटीत धुळीचा कणही मावत नाही. डिस्क स्वतःची एक नोंदवहीही ठेवते, तिला स्मार्ट म्हणतात. किती तास चालली, किती वेळा सुरू झाली, किती जागा खराब झाल्या, सगळं त्यात लिहिलेलं असतं. आमच्या डिस्कच्या वहीत एकवीस हजार तास निघाले. हिशेब केला तर नऊशे कोटी फेरे होतात.

आणि हे फेरे कुठे, तर गोंडपिपरीत. चंद्रपूर जिल्ह्याचा उन्हाळा ज्यांनी काढला नाही त्यांना सांगून कळत नाही. पारा ४७-४८ पर्यंत जातो. दुपारी टेबलाचं लाकूड गरम लागतं. त्यात भारनियमन. चंद्रपूरच्या औष्णिक केंद्राची क्षमता आज २९२० मेगावॅट आहे. तेव्हा ती थोडी कमी होती, पण राज्यातल्या मोठ्या केंद्रांत त्याची गणना होतीच. कोळसा आमचा, राख आमची, धूर आमचा, आणि त्या काळात अंधारही आमचाच. वीज गेली की यूपीएस टिट्टिट करायचा, बाबा 'थांब रे, थांब रे' म्हणत घाईघाईनं फाइल सेव्ह करायचे. एवढं सोसून ती डिस्क सोळा वर्षं चालली, याचं मला आजही नवल वाटतं.

मग बंद का करायची? एक तर ती घोटाळायला लागली. संगणक थोडा वेळ रिकामा राहिला की विंडोज अशा डिस्कला झोपवतं. मग मुलगी 'सेव्ह ॲज' म्हणायची. विंडोज सगळे ड्राइव्ह दाखवायला निघायचं, डीला उठवायचं. ती म्हातारी उठायची, तबकड्या वेग घ्यायच्या, तोवर आठ-दहा सेकंद सगळं गप्प. "पप्पा, साधं सेव्ह म्हटलं की हा विचार करत बसतो." फाइल सीवर, काम सीवर, आणि अडवणूक डीची. अँटिव्हायरसचंही तेच. त्याला रोज सगळं घर झाडायचं असतं, मग वापरात नसलेली खोलीही तो उघडतो.

दुसरं कारण जास्त गंभीर. स्मार्टच्या वहीत खराब झालेल्या जागांचा आकडा अनेक वर्षं शून्य होता, तो हलला. गूगलच्या अभियंत्यांनी २००७ मध्ये त्यांच्याकडच्या एक लाखाहून जास्त डिस्कचा अभ्यास मांडला होता. उष्णतेनं डिस्क मरतात असं आपण सगळे समजतो, पण त्यांना तसा थेट संबंध फारसा दिसला नाही. अगदी जास्त तापमान आणि वय झालेल्या डिस्क, एवढाच अपवाद. मात्र एक गोष्ट ठळक दिसली. तपासणीत डिस्कची पहिली चूक सापडली की पुढच्या साठ दिवसांत ती मरण्याची शक्यता, चूक न सापडलेल्या डिस्कच्या ३९ पट होते. पहिला खोकला आला की डॉक्टरकडे जावं, असा त्याचा अर्थ. आमच्या डिस्कनं खोकला काढला होता.

आईला मी सांगितलं, "ती जुनी डिस्क बंद करतो वं माय."

"फेकनार का?"

"फेकत नाही. बंद ठेवतो."

"बंद ठेवलं म्हनजे फेकल्यासारखंच होते न बापा. तुह्या आजोबाचा रेडिओ असाच बंद ठेवला होता. कुठी आहे आता?"

मी काही बोललो नाही. थोड्या वेळानं तीच म्हणाली, "सकारी तुमी कम्प्युटर लावता, मंग त्याचा कुईं आवाज येते. आवाज येते तं वाटते कोनी बसून काम करून राह्यलं."

संगणक दोन डिस्कचा, पण आवाज एकीचाच. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, ती मुकी. गेली आठ वर्षं आमच्या घरात जो आवाज यायचा तो फक्त बाबांच्या डिस्कचा होता. मला तो बिघाडाची खूण वाटत होता आणि तिला सोबत वाटत होता. दोघांचंही खरं होतं.

असो. आता मुद्द्याकडे. डिस्क 'बंद' करायची म्हणजे नेमकं काय करायचं? हे एकच काम नाही, त्याचे चार तरी दर्जे आहेत, आणि ते नीट वेगळे करून पाहण्यात मोठी गंमत आहे.

पहिला दर्जा, अक्षर काढून घेणं. डिस्क मॅनेजमेंटमध्ये जाऊन त्या ड्राइव्हचं 'डी' हे अक्षर काढायचं. मग ती 'माय कम्प्युटर'मध्ये दिसत नाही. पण आत ती फिरतेच आहे, विंडोजला ती माहीतही आहे. दारावरची पाटी काढली, माणूस घरातच.

दुसरा दर्जा, डिस्कला 'ऑफलाइन' करणं. तीच खिडकी, तिथे डिस्कच्या नावावर उजवी टिचकी मारायची. विंडोज तिच्याशी व्यवहार थांबवतं, आणि दुसऱ्या दिवशी संगणक लावला तरी ते विसरत नाही. आतल्या एका अक्षरालाही धक्का लागत नाही. घरच्या कामाला हा दर्जा सगळ्यांत बरा. डिव्हाइस मॅनेजरमधून 'डिसेबल डिव्हाइस' म्हणणं हाही याचाच चुलतभाऊ. पण इथेही वीज चालूच असते. बोलणं बंद, जेवण चालू.

तिसरा दर्जा, बायोसमधून त्या सॅटा पोर्टला कुलूप लावणं. सगळ्या मदरबोर्डवर ही सोय नसते. शिवाय जुन्या आयडीई डिस्कच्या काळात एक विनोद असायचा. बायोसमध्ये डिस्कसमोर 'नन' लिहिलं तरी विंडोज एक्सपी स्वतः जाऊन कंट्रोलरला विचारायचं आणि डिस्क शोधून काढायचं. मुख्याध्यापकांनी हजेरीतून नाव काढलं तरी वर्गशिक्षक त्या मुलाला ओळखतातच.

चौथा आणि शेवटचा, डबा उघडून केबल काढणं. सॅटा डिस्कला दोन जोडण्या असतात. अरुंद ती माहितीची, रुंद ती विजेची. माहितीची काढली तर डिस्क मुकी होते पण फिरत राहते. विजेची काढली तरच ती खरी थांबते. आवाज बंद, उष्णता बंद, झीज बंद. आमच्या डिस्कला हाच दर्जा हवा होता. तिला विश्रांती द्यायची होती, नुसतं लपवायचं नव्हतं.

तरी मी आधी दुसरा दर्जा करून बघायचं ठरवलं. त्यात परत फिरता येतं. दोन दिवस ऑफलाइन ठेवू, कोणाचं काही अडतं का बघू, मग केबल. पण तिथे एक गंमत झाली. 'ऑफलाइन' म्हणू गेलो तर विंडोज ऐकेना. मला हे नवं होतं. ज्या डिस्कवर आता कोणी राहत नाही ती बंद करायला याची हरकत काय?

खिडकीत नीट वाचलं तेव्हा कळलं. एसएसडीच्या सी ड्राइव्हसमोर 'बूट' लिहिलं होतं आणि जुन्या डिस्कच्या एका लहानशा भागासमोर 'सिस्टम'. या दोन शब्दांचा अर्थ मायक्रोसॉफ्टनं नेमका उलटा धरलेला आहे. ज्यावर विंडोज राहतं त्याला ते 'बूट' म्हणतात, आणि ज्यावरून संगणक सुरू होतो त्याला 'सिस्टम'. म्हणजे आमचा संगणक अजूनही जुन्या डिस्कवरूनच सुरू होत होता. २०१८ मध्ये नवीन विंडोज टाकताना दोन्ही डिस्क जोडलेल्या होत्या. सुरुवातीच्या फाइली ठेवायला त्याला जुन्या डिस्कवर तयार जागा दिसली आणि त्यानं त्या तिथेच ठेवल्या. अशा जोडणीत हे नेहमी घडतं. रोज सकाळी संगणक आधी बाबांच्या डिस्ककडे जायचा, तिथून किल्ली घ्यायचा आणि मग नव्या डिस्कचं दार उघडायचा. ती सरळ उपटली असती तर दुसऱ्या दिवशी काळ्या पडद्यावर पांढरी ओळ आली असती, आणि आम्ही नव्या एसएसडीला शिव्या दिल्या असत्या.

या ठिकाणी मी थांबलो. तांत्रिक उपाय सोपा होता. सी ड्राइव्हवर सुरुवातीच्या फाइली तयार करायच्या, त्यासाठी बीसीडीबूट नावाची एका ओळीची आज्ञा आहे. त्या भागाला 'ॲक्टिव्ह' करायचं आणि बायोसमध्ये एसएसडीला पहिला मान द्यायचा. अर्ध्या तासाचं काम. पण मनात आलं, किल्ली हिच्याकडे निघाली. आणखी काय काय हिच्याकडे असेल? आणि कोणाचं?

'कोणाचं' हा प्रश्न उगाच पडला नाही. त्याला २०१९ ची आठवण कारण होती.

वनहक्क कायदा २००६ चा, त्याचे नियम १ जानेवारी २००८ पासून लागू झाले. आमच्या भागात जंगलालगतची जमीन कसणारी माणसं गावागावांत. आदिवासी कुटुंबाला १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून तिथे वहिवाट असल्याचं दाखवावं लागतं. पण जो आदिवासी नाही, त्याला त्या तारखेच्या आधीची तीन पिढ्यांची, म्हणजे ७५ वर्षांची वस्ती दाखवावी लागते. थेट १९३० पर्यंत मागे जा. ज्याच्या आजानं कधी अंगठ्याशिवाय सही केली नाही त्यानं १९३० चा कागद कुठून आणायचा? म्हणून नियमांत एक वाट ठेवलेली आहे. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या वडीलधाऱ्यांचं म्हणणं लिहून घेतलं तर तोही एक पुरावा धरला जातो.

बाबांचा निवृत्तीनंतरचा संगणक यातच गेला. आसपासची माणसं यायची. बाबा म्हाताऱ्यांना ओसरीत बसवायचे, चहा द्यायचे, आणि विचारायचे. बंधारा कधी झाला, मोठा दुष्काळ कोणता, तेव्हा या धुऱ्यावर कोण नांगर धरायचा, मोहाचं ते झाड कोणाच्या वाटणीचं. ते सांगायचे, बाबा दोन बोटांनी टाइप करायचे. मग छपाई, मग अंगठा, मग ग्रामसभा. 'अर्ज' नावाच्या फोल्डरमध्ये हे सगळं पडून होतं.

२०१९ च्या १३ फेब्रुवारीला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला, की ज्यांचे दावे फेटाळले गेलेत त्यांना जमिनीवरून काढा. २८ तारखेला त्याच न्यायालयानं त्याला स्थगिती दिली आणि दावे कसे फेटाळले याचा तपशील राज्यांकडून मागवला. या पंधरा दिवसांत आमच्या भागात काय वातावरण होतं ते वर्तमानपत्रात पुरतं आलं नाही. त्याच आठवड्यात जवळच्या एका गावचे एक गृहस्थ थैली घेऊन आले. बाबा गेल्याचं त्यांना माहीत होतं. म्हणाले, "गुरुजीनं माह्या बापाच्या टायमाचा कागद टाइप करून देल्ला होता. तुमच्या मशीनमंदी असन का?"

असेल का? डी ड्राइव्ह उघडला. फाइल सापडली, नावावरून सापडली. उघडली तर आत सगळी भुताटकी. इंग्रजी अक्षरं, त्यांच्यावर टिंबं, रोमन अक्षरांना शिंगं. बाबा श्रीलिपीच्या फॉन्टमध्ये टाइप करायचे. त्या काळचे बहुतेक मराठी फॉन्ट असेच होते. संगणकाला वाटायचं आपण इंग्रजी अक्षर साठवतोय, फॉन्ट त्याला मराठीचा मुखवटा घालायचा. मुखवटा काढला की खालचं भलतंच दिसतं. देवनागरी १९९१ पासून युनिकोडमध्ये आहे, विंडोज २००० पासून तर मंगल हा फॉन्टही सोबत येतो, पण डीटीपीच्या दुकानांतून शिकलेल्या माणसांच्या हातून जुने फॉन्ट लवकर सुटले नाहीत. नशिबानं तो फॉन्टही त्याच डिस्कवर होता. तो बसवला आणि रोमन शिंगांच्या जागी एकदम ओळी उमटल्या. ते गृहस्थ वाचायला शिकलेले नव्हते. मी वाचून दाखवलं. त्या कागदात त्यांच्या गावच्या एका म्हाताऱ्यानं सांगितलं होतं, की यांचा आजा या बांधीत धान पेरायचा तेव्हा मी बैलांमागे फिरत होतो. सांगणारा म्हातारा केव्हाच गेला होता. ऐकणारे गृहस्थ खाली बघत होते.

सही नसलेली प्रत म्हणजे पुरावा नव्हे, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. पण त्या फाइलीत ग्रामसभेच्या ठरावाची तारीख होती. ती तारीख धरून मूळ कागद शोधता येणार होता. ते छापील पान त्यांनी घडी न करता थैलीत उभं ठेवलं.

म्हणून म्हणतो, आमच्या डी ड्राइव्हवर फक्त बाबांच्या आठवणी नव्हत्या. तिथे लोकांची शेतं होती. मशीन आमचं, माहिती त्यांची. मग ती बंद करण्याचा निर्णय आमच्या घरापुरता कसा राहील?

या बाबतीत आमच्याच तालुक्यातल्या पाचगावकडून शिकण्यासारखं आहे. २०१२ मध्ये या गावाला १००६ हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. बांबू विकून ग्रामसभेनं रोजगार उभा केला, हे पुष्कळांनी लिहिलं आहे. मला त्यांचं दुसरं काम जास्त मोठं वाटतं. त्यांनी तेंदूपत्ता तोडणं बंद केलं. तेंदू म्हणजे उन्हाळ्यातला रोख पैसा, तो सोडणं सोपं नाही. पण चांगल्या पानासाठी झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात, जंगलाचं नुकसान होतं, म्हणून त्यांनी ग्रामसभेत बसून ठरवलं, की हे नको. जंगलाचा काही भाग तर हात न लावता राखायचा असंही ठरवलं. तिथे बंद ठेवणं म्हणजे दुर्लक्ष करणं नाही. बंद ठेवलेल्या भागावर उलट जास्त नजर ठेवावी लागते. आणि ते कोणी एकानं परस्पर ठरवत नाही, ज्यांचा त्यावर जीव आहे ते सगळे बसून ठरवतात.

डिस्कचंही असंच आहे. नुसती काढून कपाटात ठेवली म्हणजे जपली असं नाही. चुंबकीय नोंद वर्षानुवर्षं टिकते, पण यंत्र टिकेलच असं नाही. न फिरलेली डिस्क पुढे फिरायला नकार देऊ शकते. आपल्या पावसाळ्याची दमट हवा जोडण्यांवर गंज आणते. पाच वर्षांनी तिला लावायची केबल मिळेल का, हा प्रश्न वेगळाच. आई रेडिओचं बोलली त्यात तथ्य होतं. माळ्यावर ठेवलेली वस्तू हळूहळू फेकलीच जाते, फक्त फेकणारा हात दिसत नाही.

माहिती टिकते ती हस्तांतरानं. जात्यावरच्या ओव्यांचंच बघा. गी पॉयट्वँ आणि हेमा राईरकर यांनी खेडोपाडीच्या बायांकडून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या, त्या संगणकात भरायची व्यवस्था बर्नार्ड बेल यांनी उभी केली. पॉयट्वँ २००४ मध्ये गेले, राईरकर २०१० मध्ये. ते सगळं एखाद्या कपाटातल्या डिस्कवर राहिलं असतं तर आज कोणाला काय सापडलं असतं? २०१७ पासून 'पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया'नं ते लोकांपुढे आणलं, म्हणून आपण आज त्या ओव्या ऐकू शकतो, गाणारीचं नाव-गाव वाचू शकतो. जपणारी माणसं गेल्यावरही काम राहिलं, कारण ते वेळेत दुसऱ्या हातांत गेलं होतं.

तेव्हा सव्वा महिना गेला तो या हस्तांतरात. आधी सगळी डिस्क जशीच्या तशी एका नव्या बाहेरच्या डिस्कवर उतरवली. आजारी डिस्कवर पहिलं काम हेच, बाकी सगळं नंतर. मग तिची दुसरी प्रत बहिणीकडे नागपूरला पाठवली. घराला आग लागली, पूर आला, चोरी झाली, तरी एक प्रत दुसऱ्या गावी असावी. मग 'अर्ज' फोल्डर. एकेक फाइल उघडून श्रीलिपीतून युनिकोडमध्ये आणली, म्हणजे पुढे कोणाला मुखवटा शोधत बसायला नको. फॉन्ट बदलणारी साधनं आहेत, पण ती जोडाक्षरांत गोंधळ घालतात, रफार भलत्याच अक्षराच्या डोक्यावर ठेवतात. प्रत्येक पान डोळ्यांखालून घालावं लागलं. हे कागद सगळ्यांनी बघायचे नाहीत, त्यात घराघरांतल्या वाटण्या आहेत. म्हणून ज्याचे त्याला छापून दिले. काही घरांत दावेदार नव्हते, त्यांच्या मुलांना दिले. एका मुलानं फोनवर फोटो काढून घेतला आणि म्हणाला, छपाई राहू द्या, हेच बरं. त्याचं त्याला.

मग बीसीडीबूटची ती एक ओळ चालवली. जुनी डिस्क ऑफलाइन करून बघितली, या वेळी विंडोजनं मुकाट्यानं ऐकलं. आठवडाभर कोणाचं काही अडलं नाही. मग डबा उघडला, सोळा वर्षांची धूळ ब्रशनं झाडली, आणि विजेची रुंद केबल काढली. डिस्कवर कागद चिकटवला. त्यावर काय काय आहे, प्रती कुठे आहेत, आणि कधी बंद केली, ते लिहिलं. दर सहा महिन्यांनी, होळीला आणि दिवाळीला, ती जोडून फिरवून बघायची असं कॅलेंडरवर मांडलं.

एक फोल्डर मात्र मी आईसाठी ठेवलं होतं. त्याचं नाव 'शब्द'. बाबांनी आमच्या झाडीबोलीतले शब्द टिपून ठेवले होते. या बोलीचं मोठं काम डॉ. हरिश्चंद्र बोरकरांनी केलंय, शब्दकोशाचंही. बाबांचं आपलं घरगुती, हजारभर शब्द. झाडीत ण चा न होतो, श चा स, ळ चा र. पाणी नाही पानी, शेत नाही सेत, डोळा नाही डोरा. आणि फॉन्ट बदलणारं साधन नेमकं याच ठिकाणी फसतं. त्यानं केलेली चूक कोणती आणि बोलीच मुळात तशी कुठे, हे मला कळेना. चाळीस वर्षं मास्तर असलेल्या माणसाच्या घरात वाढलो, प्रमाण भाषेनं माझे कान धुऊन टाकलेत. म्हणून आईला शेजारी बसवलं. मी एकेक शब्द वाचतो, ती हो म्हणते किंवा नाही म्हणते.

पहिल्या दिवशी वीस शब्द झाले. दुसऱ्या दिवशी ती स्वतःच खुर्ची ओढून बसली. आता रोज संध्याकाळी तासभर हेच चालतं. आवाज नसल्याचं तिला जाणवतं, पहिल्या आठवड्यात दोनदा बोललीही. पण कामात गुंतली की विसरते. परवा एका शब्दावर अडली. बाबांनी दिलेला अर्थ मी वाचून दाखवला, तिनं मान हलवली.

"हे त्याईनं चूक लिवलं. आमच्या माहेरी असं नाही म्हनत. खोड ते."

खोडलं नाही. बाबांचा अर्थ ठेवला, त्याच्या खाली तिचा लिहिला, आणि कंसात तिच्या माहेरच्या गावाचं नाव घातलं. तिनं ते दोनदा वाचायला लावलं. आता पावणेतीनशे शब्द झालेत, म्हणजे अजून बरेच दिवसांचं काम आहे.